चौथं लुगडं

१

भाद्रपदात लग्नं नसतात, म्हणून अहमदपूरचं ते मंगल कार्यालय आमच्या मालिकेला मिळालं. वरपक्षाच्या खोल्यांत कॅमेरेवाले उतरले, जेवणाच्या हॉलमध्ये सुतारांची ठोकाठोक सुरू झाली, आणि दारावर ‘वधूपक्ष’ असं रंगवलेली वरची खोली माझ्या कपडेपटाला मिळाली. खोली चांगली होती. एका भिंतीला आडवा आरसा, आरशाच्या कडेनं आजवरच्या नवऱ्यामुलींनी चिकटवून ठेवलेल्या टिकल्या, वर घरघरणारा पंखा आणि गच्चीवर उघडणारं दार. गच्ची आणि वाळत घालायला दोऱ्या मिळाल्या की कपडेपटवाली बाई कुठंही संसार मांडते.

मी राजश्री. नांदेडला कॉलेजात वेशभूषा शिकवते आणि सुट्ट्या टाकून अशी कामं घेते. घरी त्याबद्दल रोज बोलणी खाते, पण सोडवत नाही.

मालिका निजामाच्या काळातली होती. वेणू नावाची एक सून, तिचं सासर, तिचं गेलेलं मूल आणि शेवटी तिनं गावाबाहेरच्या बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत, उतरणं. टीव्हीवाले बाईला सुखानं म्हातारी होऊ देत नाहीत, त्याला मी काय करणार? माझ्याकडे फक्त तिचे कपडे. वेणूला मी हिरवं इरकली लुगडं दिलं होतं, लाल काठाचं. बघणाऱ्याला वाटतं, बाई वर्षानुवर्षं तेच एक लुगडं नेसते आणि ते हळूहळू विटत जातं. खरं तर ती सारखीच चार लुगडी असतात. पहिलं कोरं. दुसरं थोडं वापरलेलं. तिसरं विटलेलं, कमरेपाशी हळदीचे हात पुसलेलं. आणि चौथं शेवटचं. नवं कापड जुनं करायला मी चहाचं पाणी वापरते, कात वापरते, आणि टाच घासायची वजरी घेऊन काठ झिजवत बसते. घरी नव्या साडीवर चहा सांडला तर जीव जातो, इथं मी तोच मुद्दाम ओतते.

यात एक रीत आहे. शेवटचा कपडा शेवटी करायचा. यात शकुन-अपशकुन काही नाही, साधा व्यवहार आहे. नटीनं आधीचे कपडे अंगावर वागवल्याशिवाय ती कुठं हात पुसते, कुठं टेकते, कापड कुठं झिजतं ते कळत नाही. तिच्या अंगानं दाखवलं की मग आपण हात लावायचा.

या वेळी ती रीत मोडली. आमच्या दिग्दर्शकाला, मिहिरला, बारवेचा प्रसंग सगळ्यात आधी उरकायचा होता. पाऊस वाढला की पायऱ्या बुडतील, ही त्याची भीती. पुण्याहून आलेला तिशीचा मुलगा, घाई त्याच्या अंगातच. म्हणून मी आधी चौथं लुगडं केलं. वेणूचं काम करणाऱ्या लुंबिनीच्या मापाचा पुतळा खोलीच्या कोपऱ्यात उभा होता. त्याला लुगडं नेसवलं, बारवेतूनच आणलेला काळा गाळ कालवला आणि पावलांपासून छातीपर्यंत चढवला. छातीवर सरळ, आडवी पाण्याची ओळ काढली. पाण्यात बुडालेल्या माणसाच्या कपड्यावर राहते तशी. काम इतकं झकास जमलं की मी मागं सरकून स्वतःलाच शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला, बारव भरली आणि मिहिरनं तो प्रसंग सगळ्यात शेवटी ढकलला. चौथं लुगडं पुतळ्यावरच राहिलं. अजून कुणाच्याच अंगाला न लागलेलं.

२

लुंबिनी इस्लापूरची. माझ्याच कॉलेजात शिकली. एकांकिका गाजवायची, हसली की दूरवर ऐकू जायचं. मालिकेसाठी तिचं नाव मीच मिहिरला सुचवलं होतं. तिची आई धम्मप्रिया इस्लापूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. वडील नाहीत, लेक एकुलती. पोरीला पाठवण्याआधी ती ड्यूटीच्या साडीतच नांदेडला माझ्या घरी आली आणि पाणीसुद्धा न पिता बसून राहिली.

“म्याडम, मला त्या टीव्हीचं काही कळत न्हाई,” ती म्हणाली. “तुमी हाव तिथं, एवढंच मला कळतं. पोरगी तुमच्या हवाली.”

“सिस्टर, मी आहे ना,” मी म्हणाले. “जशी नेतेय तशी आणून देईन.”

असलं आपण किती सहज बोलून जातो.

अहमदपूरला आम्ही दोघी एकाच लॉजवर शेजारशेजारच्या खोल्यांत होतो. सकाळी एकाच ऑटोतून कार्यालयात यायचो. लुंबिनी वर येऊन स्वतःचे कपडे खुंटीला अडकवायची आणि साखराबाई तिला लुगडं नेसवायच्या. साखराबाई अहमदपूरच्याच. लग्नात नवरीला नेसवण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही, म्हणून मी त्यांना मदतीला घेतलं होतं. कासोटा असा घट्ट मारायच्या की लुंबिनी ओरडायची, “मावशी, श्वास तर घेऊ द्या!”

“टीवीवर यायचं आन श्वास बी पायजे व्हय?” साखराबाई म्हणायच्या.

खोलीत आमचं बरं चाललं होतं.

३

पहिल्यांदा मला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. ढग होते, ट्यूबलाइट फडफडत होती. चहाचा कप घेऊन पुतळ्यासमोर उभी राहिले, तर पाण्याची ओळ छातीवर नव्हती. कमरेवर होती.

जवळ गेले. कमरेच्या वर लुगडं स्वच्छ हिरवं होतं. नुसतं धुतल्यासारखं नाही. धुतलेल्या गाळाचा पिवळट डाग राहतो, तो कितीही घासला तरी जात नाही. इथं खळ लावलेलं कोरं कापड होतं, बोटाला कडक लागणारं. आणि त्याखाली ओळ परत सरळ, काटेकोर.

खोलीची एकच चावी होती आणि ती माझ्या कमरेला. पण गच्चीचं दार दिवसभर उघडं असायचं, आणि साखराबाईंना मळकं कापड दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. मागं एकदा त्यांनी माझं मेहनतीनं विटवलेलं तिसरं लुगडं साबणात टाकलं होतं. तेव्हा मी हसले होते. आता मात्र डोकं फिरलं.

“साखराबाई, याला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं की नाही?”

“म्या लावला न्हाई, म्याडम.”

“मग काय पुतळ्यानं आंघोळ केली?”

मग त्यांचे डोळे भरले. “मळकं बघवत न्हाई हे खरं हाय. पर लेकराची आन, म्या त्याच्याजवळ सुदीक जात न्हाई. मला त्याचं भ्या वाटतं.”

“कसलं भय?”

“ते नेसवलं तुमी. पर निऱ्या तुमच्या न्हाईत.”

मी निऱ्या पाहिल्या. मला नेसवता येतं, पण माझ्या निऱ्या जाड पडतात. साखराबाई रोज मला त्यावरून चिडवायच्या. पुतळ्याच्या निऱ्या बारीक होत्या, एकसारख्या, सवयीच्या हातानं घातलेल्या. मी साखराबाईंना म्हणाले, तुम्हीच नीट केल्या असतील आणि विसरला असाल. त्या दिवशी त्यांनी माझ्यासोबत चहा घेतला नाही.

४

त्याच संध्याकाळी लुंबिनीनं खुंटीवरची सलवार काढली आणि कपाळाला हात लावला. “अरे देवा, ताई, हे कुठं लागलं?”

सलवारीला घोट्याच्या वरपर्यंत काळा गाळ होता. वाळलेला, भेगा पडलेला.

अहमदपुरात त्या दिवसांत चिखलाला काही तोटा नव्हता. स्टँडपासून कार्यालयापर्यंत रस्ता खणून ठेवलेला. मी तेच म्हणाले, आणि तिलाही पटलं. पण माझी नजर हलेना. चिखल उडाला तर शिंतोडे पडतात, वर ठिपके, खाली जास्त. डाग कसा पडतो हे शिकवून मी पगार घेते. हा उडालेला चिखल नव्हता. दोन्ही पायांवर, पुढून आणि मागून, एकाच उंचीला सरळ ओळ होती. या कपड्यात कुणीतरी पाण्यात उभं राहिलेलं होतं.

पुढच्या दिवशी पुतळ्यावरची ओळ मांडीपर्यंत खाली आली आणि लुंबिनीच्या सलवारीवरची गुडघ्यापर्यंत वर चढली.

मी स्वतःला मूर्खात काढलं. दमट हवा, कच्चा गाळ, खळ सुटणं, अशी मनाशी कारणं रचली. मग टाचण्या घेतल्या आणि पुतळ्यावर त्या ओळीवर मांड्यांभोवती गोल लावून टाकल्या, अगदी काठावर. गच्चीचं दार बंद केलं, कडी घातली. जेवणाच्या सुट्टीत वर आले तर टाचण्या जिथल्या तिथं होत्या. एकही हललेली नव्हती. आणि त्यांच्या खाली वीतभर कोरं कापड होतं.

त्या बंद खोलीत मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. पंखा बंद होता. तरी एक आवाज येत होता, अगदी हलका. कोऱ्या इरकली कापडाची नवी घडी मोडताना होते तशी सळसळ. आयुष्यभर ऐकलेला आवाज. मला तो नेहमी आवडत आलेला आहे. त्या दिवशी मात्र मी उलट्या पावली दारापर्यंत आले आणि बाहेरून कुलूप घातलं.

लुंबिनीचे कपडे मी खालच्या गाडीत ठेवायला सुरुवात केली. म्हटलं, खोलीतच काही असेल तर खोलीत राहू दे.

मग शूटिंगला एक दिवस सुट्टी आली. ती लॉजवर माझ्या खोलीत पिवळा कुर्ता घालून पलंगावर बसून शेंगा फोडत होती. खोलीबाहेर गेली नव्हती, मी समोरच होते. बोलता बोलता ती थांबली आणि खाली बघायला लागली. कुर्त्याचं खालचं टोक काळं होतं. बघता बघता, म्हणजे आम्ही दोघी बघत असताना, ते काळं वर सरकलं नाही. वर सरकलं असतं तर मी किंचाळले असते. ते फक्त होतं. जणू मघापासूनच होतं आणि आम्हाला आत्ता दिसलं. ओळ कमरेवर होती.

“ताई,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. “माझे पाय लई जड झालेत. चार दिवसांपासून. आणि झोपेतून उठले की तोंडात मातीची चव असते. मी कुणाला सांगितलं नाही.”

मी तिचे हात हातात घेतले. गार होते, आणि बोटांची टोकं सुरकुतलेली. धुणं धुतल्यावर होतात तशी.

तेव्हा मला भीती वाटली. तोवर नुसती शंका होती.

५

मिहिरला मी सगळं सांगितलं. कसं सांगितलं असेन, देव जाणे. त्यानं शांतपणे ऐकलं, तेच मला जास्त लागलं.

“राजश्रीताई, तुम्ही थकलाय. दोन दिवस नांदेडला जाऊन या,” तो म्हणाला. “बारवेत काही धोका नाही. पाणी उतरलंय, पायऱ्या मोकळ्या आहेत. पट्टीचे दोन पोहणारे पाण्यात असतील. तिनं फक्त छातीपर्यंत जायचं, मी कट म्हणणार, ती परत येणार.”

“छातीपर्यंतच कशाला?”

“कारण तुम्हीच ओळ तिथं काढलीय,” तो म्हणाला आणि हसला. त्याची चूक नव्हती.

मग मी लुंबिनीला म्हणाले, तू जा. तब्येतीचं कारण सांग, मी बाकीचं बघते. तिनं मान हलवली.

“ताई, आमच्या घराण्यात टीव्हीवर दिसणारी मी पहिली. आईनं अख्ख्या दवाखान्याला सांगून ठेवलंय. पेशंटलासुद्धा सांगते. आता काय सांगू तिला, कपडे मळत होते म्हणून परत आले?”

“लुंबिनी, हे कपडे मळणं नाही.”

“मग काय आहे?”

मी चावी घेऊन उठले.

तेव्हा मी मला जे येतं ते करायचं ठरवलं. पुतळ्यावरच्या लुगड्याला एव्हाना पावलांपुरताच गाळ उरला होता. बादलीभर गाळ आणवला, कालवला आणि हातानं परत चढवायला घेतला. कापडानं तो घेतला नाही. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही तसा तो ओघळून फरशीवर पडायचा आणि लुगडं कोरंच्या कोरं. मी घासलं, रगडलं, शेवटी रडायला लागले. साखराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला, आत आल्या आणि माझ्यासोबत गाळ लावायला बसल्या.

“म्याडम,” त्या हळूच म्हणाल्या, “हिला आता ते नगं हाय.”

“कुणाला?”

त्यांनी पुतळ्याकडं बोट केलं नाही. मान खाली घालून फरशी पुसायला लागल्या.

राखीव म्हणून पाचवं लुगडं मी नेहमी आणून ठेवते. ते काढलं. पुतळ्यावरचं चौथं सोडलं. आतला पदर ऊबदार होता, आत्ताच कुणी अंगावरून उतरवल्यासारखा. घडी करून मी ते लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं. मग पाचवं पुतळ्याला नेसवून गाळ चढवला. त्यानं तो निमूट घेतला. पावलं, गुडघे, कंबर, छाती. ओळ सरळ आली. ओळीवर टाचण्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी ओळ टाचण्यांवरच होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

आणि लुंबिनीचे कपडे स्वच्छ राहिले. तिच्या बोटांच्या सुरकुत्या गेल्या. ऑटोत ती गाणी म्हणायला लागली, दुपारी माझ्या डब्यातली भाकरी ओढून घेऊन खाल्ली. “ताई, आज लई हलकं वाटून राहिलंय,” म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी साखराबाईंना मिठी मारली आणि त्यांची माफी मागितली. त्या मात्र हसल्या नाहीत. त्या लोखंडी कपाटाकडं पाठ करून कधी बसायच्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

कपाटातून सळसळ यायची. मी एकदाही उघडून पाहिलं नाही. सरळ सांगते, मला धीर झाला नाही. आणि पोरगी बरी होती ना, मग कशाला उघडायचं?

धम्मप्रिया सिस्टरचा फोन आला तेव्हा मीच म्हणाले, “या की बारवेच्या शूटिंगला. लेकीचं काम बघा.”

६

बारव गावाबाहेर आहे, ज्वारीच्या शेतांच्या कडेला. चारही बाजूंनी उतरत्या पायऱ्या आणि मधे हिरवट काळं पाणी. दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं. युनिटची सगळी माणसं, वर छत्र्या, खाली दोन पोहणारे कडेच्या पायऱ्यांवर लंगोट लावून बसलेले. भिण्यासारखं तिथं काहीही नव्हतं. हे मी मनाशी सारखं म्हणत होते.

सिस्टर पहाटेच निघून नांदेडमार्गे एसटीनं आली होती. हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी कोरडा ड्रेस आणि टॉवेल. पाण्यात भिजणार म्हटल्यावर आईनं तेच आणलं होतं. लुंबिनीनं तिला कडकडून मिठी मारली. “आई, आता मला शिवू नको, गाळ लागेल,” असं नंतर ओरडली आणि दोघी हसल्या.

साखराबाईंनी तिला पाचवं लुगडं नेसवलं. मी टाचण्या काढल्या, ओळ तपासली. छातीवर, काळी, सरळ. निऱ्या साखराबाईंच्या. सगळं जिथल्या तिथं होतं. मी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाले, “जा, आणि लवकर वर ये.”

“हाव ताई,” ती म्हणाली.

मिहिरनं इशारा केला. ती पायऱ्या उतरायला लागली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला, कमरेला. ती सुंदर काम करत होती, हे सांगायलाच हवं. तिच्या पाठीवरून कळत होतं की या बाईला आता मागं बोलावणारं कुणी नाही. पाणी छातीपर्यंत आलं, बरोबर ओळीवर टेकलं. मिहिरनं हात वर केला आणि तोंड उघडलं.

ती आणखी एक पायरी उतरली.

एवढंच. डोकं क्षणभर पाण्याखाली गेलं. पोहणारे अर्धवट उठले तोवर ती परत वर आली, वळली आणि पायऱ्या चढू लागली. मिहिर “कट” म्हणाला, पुढं “वा!” म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात दुखेपर्यंत. साखराबाई टॉवेल घेऊन पुढं झाल्या आणि दोन पायऱ्यांवर थांबल्या.

ती वर येत होती. लुगडं ओलं होतं, अंगाला चिकटलेलं. पण हिरवं, लख्ख हिरवं. गाळाचा एक ठिपका नव्हता. पावलं, गुडघे, कंबर, छाती, कुठंही नाही. बारवेच्या गढूळ पाण्यातून आलेलं ते लुगडं कोरं होतं. निऱ्या बारीक होत्या, चौथ्या लुगड्यावर होत्या तशा, साखराबाईंच्या नव्हत्या.

मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचं टाळलं. खाली पाण्याकडं पाहिलं. ती जिथून वळली होती तिथं, पाण्याखालच्या पायरीवर काहीतरी पिवळं होतं. पिवळ्या कापडाची एक बाही. आणि बाहीतून पुढं आलेला हात, पायरीच्या कडेला धरलेला. मग गाळ ढवळला गेला आणि ते दिसेनासं झालं.

मी ओरडले. पोहणारे उतरले, बुडी मारून आले, दोनदा, तीनदा. काही नाही, म्हणाले. कोण बुडालं, म्हणाले. बुडालं तर कुणीच नव्हतं. गेली ती एक होती आणि आली ती एक होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मिहिरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाणी प्यायला दिलं.

७

मला अजून कुणी विचारलं तर मी म्हणेन, ऊन होतं, मी थकलेली होते, पाण्यात पिवळं पान पडलं असेल. लुंबिनी माझ्यासमोर टॉवेल गुंडाळून उभी होती, मिहिरशी बोलत होती, आणि आवाज तिचाच होता. तिचं हसूही तिचंच होतं, फक्त जरा उशिरा येत होतं. पाण्यात डोकं जाऊनही ती एकदाही खोकली नाही, हे मात्र मी पाहिलं.

मी सिस्टरला शोधलं. म्हटलं, आईला घेऊन येते, दोघींना गाडीत बसवते, आजच्या आज इस्लापूरला पाठवते. दिलेला शब्द पाळते.

सिस्टर बारवेच्या मधल्या पायरीवर बसली होती. कोरडा ड्रेस मांडीवर, टॉवेल त्यावर, नीट घडी करून. ती पाण्याकडं बघत होती.

“सिस्टर, चला. झालं काम.”

तिनं मान हलवली नाही. मागून ती पोरगी टॉवेल सावरत आली. “आई, दे ना ड्रेस,” ती म्हणाली. “थंडी वाजून राहिलीये.”

धम्मप्रियानं वळून तिच्याकडं पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं, दवाखान्यात ती माणसं तपासत असेल तसं. मग तिच्या चेहऱ्यावर परक्या माणसाशी बोलताना असते ती अदब आली.

“तुमी लई चांगलं काम केलं, बाई,” ती म्हणाली. “खरंच. मला रडू आलं.”

तिनं ड्रेस मांडीवर आणखी घट्ट धरला आणि परत पाण्याकडं तोंड केलं. पोरगी उभी राहिली. थोड्या वेळानं ती पायऱ्या चढून गाडीकडं गेली, आणि ओल्या लुगड्याची सळसळ बराच वेळ ऐकू येत राहिली. ओलं लुगडं सळसळत नाही.

युनिटचे लोक दिवे उतरवायला लागले होते. वरून साखराबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता.

“म्याडम,” धम्मप्रियानं हळूच विचारलं, जसं कुणी रांगेत बसून आपला नंबर विचारतं, “माझी लुंबिनी कधी वर येईल?”

नांदेडच्या घरात मी किती ठासून बोलले होते! तिच्या हातावर हात ठेवला. तो कोरडा आणि गरम होता.

“येईल,” मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.